खालचा कप्पा, ईडन प्रेरी

मेझाँ व्हालमोरो या फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या बड्या कंपनीच्या लाल वाइनींमध्ये यंदा पहिला नंबर आला तो मनोहर देवतळे यांनी अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या मुलाच्या स्वयंपाकघरात, गणपतीच्या महाप्रसादाच्या पातेल्यात, डावाने ढवळून तयार केलेल्या वाइनचा.

असं काही झालेलं नाही. कुणी विचारलं तर झालेलं नाही. शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता चार सज्ञान माणसांनी जेवणाच्या टेबलाशी बसून तसा ठराव केला. पाचव्यानं, म्हणजे खुद्द मनोहररावांनी, विरोधात मत दिलं आणि ते लेखी नोंदवून घ्यावं असा आग्रह धरला. लिहून कुणी घेतलं नाही. तेव्हा जे झालेलंच नाही ते बाजूला ठेवू आणि जे झालं तिथून, म्हणजे मोज्यांपासून, सुरुवात करू.

मनोहरराव नोव्हेंबरात नागपूरहून मुलाकडे आले तेव्हा त्यांच्या बहिणीनं, सुवर्णाताईंनी, बारा जोड लोकरी मोजे बांधून दिले होते. मिनेसोटाची थंडी त्यांनी नकाशात पाहिली होती. पण मनोहररावांची अमेरिकेबद्दलची मुख्य तक्रार थंडीची नव्हती. ती दुधाची होती. इथल्या गॅलनच्या कॅनमधलं दूध त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडात घेतलं, गालांतून फिरवलं, सिंकमध्ये थुंकलं आणि मुलाला, शैलेंद्रला, सांगितलं, "गाय वारलेली आहे. हे तिच्या आठवणीत काढलंय."

हे बोलायचा त्यांना अधिकार होता. वर्ध्याजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात त्यांनी एकतीस वर्षं ग्रेडर म्हणून काढली होती. गावोगावचे कॅन ट्रकमधून उतरायचे. मनोहरराव एकेकाचं झाकण उघडायचे, वास घ्यायचे, शंका आली तर घोटभर तोंडात घेऊन थुंकायचे आणि मग हात वर करायचे किंवा आडवा करायचे. हात वर म्हणजे कॅन टाकीत. हात आडवा म्हणजे कॅन परत. एकतीस वर्षांत या हाताविरुद्ध तीन मोर्चे आले आणि हात जिथे होता तिथेच राहिला.

अमेरिकेत त्या हाताला काम नव्हतं. डिशवॉशर लावणं हे काम नव्हे. आणि तेही ते करायचे तेव्हा शैलेंद्र मागून येऊन ताटल्या पुन्हा लावायचा.

काम मिळालं ते सुनेमुळे. सुमेधानं सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, मग ते सोडून वाइनचे कोर्स केले, परीक्षा दिल्या आणि ग्रेग नावाच्या माणसाच्या अकरा वाइन-दुकानांत खरेदी विभागात असिस्टंट म्हणून लागली. खरेदीची प्रमुख बाई मार्चमध्ये रिटायर होणार होती. ती खुर्ची सुमेधाला द्यायची की शिकागोहून कुणाला आणायचं, याचा निर्णय ग्रेगनं एका परीक्षेवर ठेवला होता. मेझाँ व्हालमोरोनं चोवीस लाल वाइनींचे नमुने पाठवले होते. त्यांतल्या सर्वोत्तम सहा सुमेधानं निवडायच्या. शुक्रवारी कंपनीच्या मदाम ब्रिसो येणार, त्यांच्यासमोर यादी ठेवायची. यादी जमली तर खुर्ची.

नमुन्यांची प्रत्येकी एकच बाटली होती. नवे मागवायचे तर सहा आठवडे.

सोमवारी ग्रेगच्या ऑफिसचं हीटिंग बंद पडलं. बाहेर उणे सत्तावीस. तिथे ठेवल्या तर बाटल्या गोठून फुटणार, म्हणून सुमेधानं चोवीसच्या चोवीस गाडीत घालून, मागच्या सीटवर पट्टे लावून, घरी आणल्या. शुक्रवारची मीटिंगही मग घरीच ठरली.

लेबल बघून मन फिरू नये म्हणून बाटल्या झाकून चाखायच्या असतात. झाकायला शैलेंद्रला घरात चोवीस एकसारख्या वस्तू सापडल्या त्या वडिलांचे मोजे. वडिलांच्या पायांत एक जोड होता, म्हणून बावीसच मिळाले. तेवीस आणि चोवीस नंबरला त्यानं आपले जिमचे मोजे घातले. प्रत्येकावर नंबराची पट्टी चिकटवली आणि कोणत्या नंबरात काय आहे याची यादी आपल्या फोनमध्ये ठेवली.

"विचारायचं तरी," मनोहरराव म्हणाले.

"बाबा, फक्त दोन दिवस."

"माझे मोजे दारू पितायत, शैलेंद्र, आणि मी इथे एका जोडावर दिवस काढतोय."

बुधवारी दुपारी सुमेधा टेबलाशी बसली. ग्लास हलवायची, नाक खुपसायची, घोट घ्यायची, तोंडात खळखळवायची आणि शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकायची. मनोहरराव सोफ्यावर पेपर वाचण्याचा देखावा करत होते. पाचव्या ग्लासाला त्यांनी पेपर खाली ठेवला.

"सुमेधा, हे काय चाललंय?"

"बाबा, मी पीत नाहीये. हे काम आहे. सगळं थुंकून टाकते."

"ते दिसतंय मला. चुकीचं थुंकतेस."

सुमेधानं पेन खाली ठेवलं.

"ओठ असे कर. धार पाहिजे, फवारा नको. फवारा गेला की चवीचा शेवट त्याच्याबरोबर जातो. मग कागदावर काय लिहिणार? सरक जरा." मनोहरराव खुर्ची ओढून बसले. त्यांनी आयुष्यात दारू गिळली नव्हती आणि आताही गिळणार नव्हते. पण तोंडात घेणं आणि गिळणं यांत सबंध नोकरीचं अंतर असतं. त्यांनी पहिला ग्लास घेतला, फिरवला आणि चार फुटांवरून भांड्याच्या मधोमध धार सोडली.

"अरे वा!" सुमेधा म्हणाली. तिला हसू आवरेना.

"पुढचा."

चार नंबरला ते म्हणाले, "नवी चामड्याची चप्पल. महाग." अकरा नंबरला म्हणाले, "मेथीचे लाडू, मेथी न घातलेले." एकोणीस नंबरचा त्यांनी दुसरा घोट घेतला. मग म्हणाले, "हिच्यात कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय." सुमेधानं सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. या बाबतीत ती फार गुणी होती.

सात नंबरला त्यांनी घोटसुद्धा घेतला नाही. नाक जवळ नेलं आणि हात आडवा केला.

"काय झालं?"

"ओलं गोणपाट. हा कॅन परत."

सुमेधानं वास घेतला. पुन्हा घेतला. ग्लास हातात धरून गरम केला, तिसऱ्यांदा घेतला आणि तिचा चेहरा बदलला. "बाबा, हा बुचाचा दोष आहे. वाइन आतून बिघडलीये. मी मघाशी दोनदा हुंगली होती, मला कळलंच नाही!" तिनं तारीख घालून लिहिलं: 'सात. बाबा: गोणपाट. बाद.' मग सगळ्या बाटल्या अर्ध्या-अर्ध्या बुचं लावून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उभ्या केल्या. "उद्या संध्याकाळी दुसरी फेरी. त्यावर यादी ठरेल. तुम्ही बसाल ना माझ्याबरोबर?"

"बघू," मनोहरराव म्हणाले. पण जेवताना त्यांनी लोणचं घेतलं नाही. जीभ खराब होते.

आता गुरुवार. इथून पुढे जे झालं त्याबद्दल घरात दोन मतं आहेत. मनोहररावांचं मत असं की त्यांनी फक्त नियमाप्रमाणे काम केलं. दुसरं मत लिहिण्यासारखं नाही.

नियम असा. दुधाच्या चाचणीचे टप्पे दोन. पहिला टप्पा कॅनचा: एकेक कॅन तपासायचा, खराब असेल तो वगळायचा. दुसरा टप्पा टाकीचा: पास झालेले कॅन टाकीत ओतायचे, एकजीव करायचे आणि टाकीतून नमुना घ्यायचा. कॅनची चाचणी दोनदा घ्यायची पद्धत भूतलावर कुठेही नाही. बुधवारी पहिला टप्पा झाला होता. गुरुवारी दुसरा होता. सुमेधा दुकानांची फेरी मारायला गेली होती, चारला येणार होती, आणि टाकी भरायचं काम कुणीच केलेलं नव्हतं. मनोहररावांना त्या पोरीची दया आली. एकटी काय काय करील?

त्यांनी खालचा कप्पा उघडला आणि सात नंबर सोडून बाकीच्या बाटल्यांचे मोजे काढले. लेबलं पहिल्यांदाच दिसली, आणि उरलीसुरली शंकाही गेली. सगळीकडे कंपनी एकच. साल एकच. आणि द्राक्ष चोवीसही बाटल्यांत एकच, असं सुमेधानंच सांगितलं होतं. गावांची नावं तेवढी वेगळी. वर्ध्याच्या केंद्रात सत्तर गावांचं दूध यायचं. टाकी एकच होती.

महाप्रसादाचं पातेलं वरच्या कपाटात होतं. ते त्यांनी उकळत्या पाण्यानं धुतलं. हात कोपरापर्यंत धुतले. मग तेवीस अर्ध्या बाटल्या क्रमवार ओतल्या. सात नंबरची बाटली मोज्यासकट बाहेर ठेवली, तिच्या बुचावरून चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर आडवी सही केली, कारण नाकारलेल्या कॅनचा नमुना सीलबंद ठेवायचा असतो. डावानं चाळीस वेळा ढवळलं. नरसाळं लावून अकरा बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या, एक अर्धी राहिली. उरलेल्या रिकाम्या झाल्या त्या उपड्या घातल्या. या तेवीसही बाटल्यांची लेबलं गरम पाण्यात भिजवून सोलून काढली, कारण नवा माल भरल्यावर भांड्यावर जुनी चिठ्ठी राहू देणं हे केंद्रात निलंबनाचं कारण होतं. एवढं सगळं अडीच तासांत. वय वर्षं एकाहत्तर.

पायांतल्या जोडावर त्यांनी आणखी एक जोड चढवला. पाय गरम झाले. खालच्या कप्प्यात अर्धी जागा रिकामी झाली, तिथे त्यांनी दह्याचं भांडं ठेवलं.

चारला सुमेधा आली. बूट काढले, फ्रीज उघडला आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, बाटल्या?"

"झालं सगळं," मनोहरराव म्हणाले. "टाकी तयार आहे. ये, नमुना घे."

"कसली टाकी?"

त्यांनी सांगितलं. टप्प्याटप्प्यानं सांगितलं, उकळत्या पाण्यासकट. सुमेधा हळूहळू फ्रीजला टेकून फरशीवर बसली. तळघरातल्या ऑफिसमधून शैलेंद्र वर आला. त्याच्या कानात हेडफोन होता. "मी दोन मिनिटं म्यूटवर आहे. काय झालं?"

"बाबांनी चोवीस शेतं एकत्र केली," सुमेधा म्हणाली.

"तेवीस," मनोहरराव म्हणाले. "सात नंबर मी घेतला नाही."

शैलेंद्रनं उपड्या बाटल्यांकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. "ओह, शिट," तो म्हणाला. मग घाबरून फोन पाहिला. तो म्यूटवर नव्हता. तो परत तळघरात पळाला.

सुमेधानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. बर्गंडीत द्राक्ष एकच असतं, म्हणूनच तर शेताला महत्त्व. भिंतीच्या अलीकडचं शेत वेगळं, पलीकडचं वेगळं. उतारावरचं वेगळं, पायथ्याचं वेगळं. काही शेतं इतकी नावाजलेली की त्यांना सगळ्यांत वरचा दर्जा, ग्राँ क्रू. "त्यांतल्या चार होत्या, बाबा. चार ग्राँ क्रू. आणि तुम्ही त्या तळाच्या साध्या बर्गंडीबरोबर पातेल्यात घातल्या."

आता मनोहररावांना राग आला. आतापर्यंत आला नव्हता. आता आला तो मुक्कामालाच आला.

"भिंतीच्या अलीकडचं वेगळं? कुणी ठरवलं? भिंतीनं? एकदा एक आमदार केंद्रावर आले होते. म्हणाले, आमच्या गोठ्याचं दूध वेगळ्या टाकीत ठेवा, आमच्या गाई वेगळ्या. मी त्यांच्यासमोर हात आडवा केला! माझी बदली झाली, पण दूध गेलं ते टाकीत. आणि आज माझ्या घरात मला सांगतेस की उतारावरचा मोठा आणि पायथ्याचा लहान?"

"बाबा, गाई नाहीत या."

"गाई असत्या तर त्यांनी तरी समजून घेतलं असतं."

सुमेधा उठली. तिनं आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. बुधवारचा कागद काढला आणि फक्त पहिल्या फेरीच्या नोंदींवरून सहा नावं काढायला बसली. म्हणाली, "उद्या त्यांना खरं काय ते सांगेन. दुसरी फेरी झाली नाही म्हणून सांगेन. बघू पुढे काय होतं."

मनोहररावांनी शेजारची खुर्ची ओढली. "मी सांगतो ना. एकोणीस नंबर घे. चार नंबर..."

"नको, बाबा."

दोनच शब्द. हात आडवा केला असता तरी त्यांना चाललं असतं. ते सोफ्यावर जाऊन बसले आणि मनातल्या मनात फ्रान्स देशावर अत्यंत रागावले.

शुक्रवारी दहाला ग्रेग आणि मदाम ब्रिसो आले. ग्रेग उंच, लालबुंद, दाढीवर बर्फ. मदाम ब्रिसो साठीच्या, ठेंगण्या, टोकदार नाकाच्या. दारात बुटांची रांग बघून त्यांनीही बूट काढले. त्यांचे मोजे रेशमी होते. मनोहररावांनी एक लोकरी जोड आणून दिला. त्यातल्या एकावर 'एकोणीस' अशी पट्टी होती. मदामनी आभार मानून तो घातला.

सुमेधा आणि शैलेंद्र खाली यादी छापत होते. प्रिंटर त्यांच्याशी बोलत नव्हता. वर पाहुण्यांपाशी मनोहरराव एकटेच.

ग्रेगनं टेबलाकडे बघितलं. टेबलावर बिनलेबलाच्या सहा बाटल्या आणि सहा ग्लास होते. ते तिथे का होते, हे सांगायला हवं. मनोहररावांनी सकाळी ते मांडून ठेवले होते, कारण टाकीचा नमुना तपासल्याशिवाय गाडी सुटत नाही. नमुना टाकीच्या निरनिराळ्या भागांतून घ्यायचा असतो, म्हणून सहा बाटल्यांतून. यात लपवाछपवी काही नव्हती. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

"लेबलं नाहीत? छान!" ग्रेग म्हणाला. त्यानं एवढंच विचारलं.

मनोहररावांनी ओतलं. मदामनी पहिला ग्लास उचलला, हुंगला, घोट घेतला, फिरवला आणि भांड्याच्या मधोमध एक बारीक, सरळ धार सोडली. मनोहररावांच्या मनात त्यांच्याविषयी नितांत आदर निर्माण झाला. तो सुमारे नऊ मिनिटं टिकला.

दुसरा ग्लास. तिसरा. मदाम थांबल्या. चौथा, पाचवा, सहावा त्यांनी नुसते हुंगले आणि ग्लास खाली ठेवला.

"हे सगळं एकच आहे," त्या म्हणाल्या.

मनोहरराव ताडकन उभे राहिले. "तेच!" ते इंग्रजीत म्हणाले. "हेच मी या घरात कालपासून सांगतोय!"

"परीक्षा घेताय माझी. चांगली आहे." मदाम पहिल्यांदाच हसल्या. मग हसू गेलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. "आमचीच आहे. यात शंका नाही. पण कोणती? मी तीस वर्षं आमच्या कंपनीची प्रत्येक वाइन ओळखते. हिची सुरुवात उत्तरेच्या उतारांची आहे, मध्ये दक्षिण, आणि शेवटी काहीतरी..." त्यांनी पुन्हा घोट घेतला. "काहीतरी समजूतदार."

ग्रेगनं अख्खा ग्लास संपवला. थुंकायचा विचार त्याला शिवला नाही. "ही पहिल्या नंबरवर," तो म्हणाला. "बाकी पाच कोणत्याही असोत. ही मला अकराही दुकानांत पाहिजे."

नेमकी तेव्हा सुमेधा हातात कागद घेऊन जिन्यावरून वर आली. तिनं बाटल्या बघितल्या, ग्लास बघितले, सासऱ्यांचा विजयी चेहरा बघितला. तिला गप्प बसता आलं असतं. पहिला नंबर आलाच होता. पण ती टेबलापाशी उभी राहिली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं: मोजे, दोन टप्पे, पातेलं, डाव, चाळीस वेळा.

मदाम ब्रिसो मानेपासून वर लाल होत गेल्या. "चार ग्राँ क्रू!" त्या म्हणाल्या. "त्या शेतांच्या भिंती मठातल्या साधूंनी रचल्या! शेकडो वर्षं आम्ही त्या जपल्या! आणि तुम्ही त्या एका भांड्यात?"

"भांडं स्वच्छ होतं," मनोहरराव म्हणाले. "गणपतीचं आहे."

"हा रानटीपणा आहे!"

"शैलेंद्र, इकडे ये. माझं इंग्रजी रागात कमी पडतं." शैलेंद्र आला. मनोहरराव मराठीत विचारू लागले आणि तो जिवावर उदार होऊन भाषांतर करू लागला. "बाईंना विचार, कंपनीची सगळ्यांत जास्त खपणारी वाइन कोणती?"

"साधी लाल बर्गंडी," मदाम म्हणाल्या. "त्याचा इथे काय संबंध?"

"ती किती शेतकऱ्यांच्या द्राक्षांची?"

"दोनशे ऐंशी."

"ती द्राक्षं एकत्र कशात करतात?"

ग्रेग छताकडे बघू लागला.

"टाकीत," मदाम म्हणाल्या.

"टाकी केवढी?"

"मोठी."

"ढवळता?"

"पंप आहे," मदाम म्हणाल्या, बऱ्याच खालच्या आवाजात.

"म्हणजे तुमचा पंप ती परंपरा आणि माझा डाव तो रानटीपणा!" मनोहरराव टेबलावर हात आपटून म्हणाले. "आणि मी निदान खराब कॅन टाकीत घातला नाही! सात नंबर आण रे!"

सीलबंद सात नंबर आली. मदामनी पट्टीवरची सही बघितली, पट्टी फाडली, बूच काढलं आणि नाक जवळ नेलं. त्यांचा लाल रंग उतरला. "कोणती आहे ही?" शैलेंद्रनं फोन बघून नाव सांगितलं. त्या चार ग्राँ क्रूंपैकीच एक. सगळ्यांत मानाची. मदाम खुर्चीत बसल्या. या बुचांबद्दल दोन ठिकाणांहून तक्रारी आल्या होत्या, आणि दोन्ही ठिकाणी कंपनीनं कळवलं होतं की चाखणाऱ्याची जीभ सदोष असावी.

"कुणी पकडलं हे?"

सुमेधानं कागद पुढे केला. मदामनी शैलेंद्रकडून एकेक ओळ समजून घेतली. सात: गोणपाट. अकरा: मेथीचे लाडू, त्यावर बराच खुलासा लागला. चार: नवी चप्पल, महाग. "बरोबर," मदाम म्हणाल्या. एकोणीसपाशी त्या थांबल्या. कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. त्यांनी आपल्या पायांतल्या मोज्यांकडे बघितलं. मग सुमेधाच्या बाकीच्या नोंदी वाचल्या आणि शेवटी सहा नावांची यादी.

"पाच बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "सहावी मी घेतली नसती. पण का घेतलीत ते कळलं." मग ग्रेगकडे वळून, "शिकागोहून कुणी आणू नका. आणि हा मनुष्य जोपर्यंत हिच्या घरात आहे तोपर्यंत हिला अजिबात सोडू नका."

"मार्चपासून तू," ग्रेग सुमेधाला म्हणाला.

मग ठराव झाला. ग्राँ क्रू पातेल्यात गेली ही बातमी बर्गंडीत पोचली तर मदामची नोकरी जाणार. पहिला नंबर कुठल्याच शेतातून आलेला नाही हे दुकानांत कळलं तर ग्रेगची अब्रू जाणार. तेव्हा असं काही झालंच नाही. चार हात वर झाले. शैलेंद्रनं ऑनलाइन मीटिंगमध्ये करतात तसा अंगठा वर केला, तोही हात धरण्यात आला.

मनोहररावांनी हात आडवा केला.

"बाबा, प्लीज," सुमेधा म्हणाली.

"पहिला नंबर आला तो यादीत नाही, आणि यादीत आहेत ते पहिले नाहीत! याला निवड म्हणायचं?"

पाहुणे गेले. मदाम मोजे घालूनच गेल्या. दुपारी सुमेधानं अर्धी उरलेली बाटली काढली, एक घोट घेतला आणि सिंकमध्ये धार सोडली. फवारा उडाला नाही, धारच होती. मग तिनं मनोहररावांकडे बघून हात वर केला.

"सोमवारी इटलीचे नमुने येतायत," ती म्हणाली. "अठरा. बसाल ना? पण एकच टप्पा, बाबा. एकच."

"बघू," मनोहरराव म्हणाले. मग शैलेंद्रचा लॅपटॉप मागून घेतला आणि खालील अर्ज टाइप केला. सुमेधानं तो फ्रेंचमध्ये करून पाठवायचं कबूल केलं आहे. अजून पाठवलेला नाही.

प्रति, मा. प्रमुख, मेझाँ व्हालमोरो, तसेच बर्गंडीतील शेतांची नावे व दर्जे ठरवणारे जे कोणते कार्यालय असेल त्याचे मा. अधिकारी.

विषय: नवीन शेतास सर्वोच्च दर्जा मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, ईडन प्रेरी, मिनेसोटा येथील आमच्या फ्रीजचा खालचा कप्पा (रुंदी बावीस इंच, खोली चौदा इंच, तापमान चार अंश, फ्रीजचा एक पाय आखूड असल्याने उतार डावीकडे) यास 'खालचा कप्पा, ईडन प्रेरी' या नावाने ग्राँ क्रू दर्जा देण्यात यावा. सदर कप्प्यास भिंती आहेत. त्या तीन बाजूंनी असून चौथ्या बाजूस दार आहे. सदर वाइन झालीच नाही असा जो ठराव चार विरुद्ध एक मतांनी करण्यात आला आहे तो रद्द समजण्यात यावा व अर्जदाराचे विरोधी मत लेखी नोंदवण्यात यावे. पाहणीसाठी एक जाणकार अधिकारी तातडीने पाठवावा. अधिकाऱ्यास नीट थुंकता येणे आवश्यक आहे. येताना त्याने स्वतःचे मोजे आणावेत, आणि मदाम ब्रिसो यांच्याकडे राहिलेला एकोणीस क्रमांकाचा जोड पोच घेऊन परत करावा, ही विनंती.